रंगवलेला ठोकळा

ऐका, मुलांनो. आणि मुलांना निजवता निजवता स्वतःच पेंगणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका.

फार फार जुन्या काळी डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. गावात बैलगाडी एकच, तीही म्हातारी. उतारावर तिला आवरायला चाकाजवळ एक लाकडी ठोकळा होता. दोरी ओढली की तो चाकाला घट्ट दाबला जाई.

तो ठोकळा पार झिजला. जत्रा तोंडावर आलेली आणि गावची पोरं त्याच गाडीतून खाली जायची. सुताराने गाडी दुरुस्तीला नेली, रंगवून आणली. बायकांनी लगेच तिला हळदकुंकू वाहिलं. त्या गावची रीतच अशी, की पुजलेली गाडी पुन्हा उघडून बघायची नाही.

एका तरुण आईची चिमुरडीही गाडीत बसणार होती. आईने विचारलं, "सुतारदादा, ठोकळा नवा घातला ना?"

"वहिनी, रंग बघा की कसा झळकतोय!"

"रंगाने गाडी थांबते होय?"

"पूजा झाली आता. उघडलं तर अपशकुन."

"हिचं काय मनावर घेता," एक आजी म्हणाल्या, "पोरीला उचकी लागली तरी वैद्य बोलावते ही!"

सगळे हसले. आईलाही वाटलं, खरंच की, आपलंच डोकं फिरलंय. पण पोरीचा हात काही तिने सोडला नाही.

"बरं दादा, मग पहिल्या खेपेला तुमच्या लेकीला बसवा."

सुताराने घसा खाकरला. "तिला... आज जरा सर्दी आहे."

आता कुणी हसलं नाही. पाटलांनी बैल सोडवले, गाडीत वाळूची पोती भरवली, दोरी आवळून बांधली आणि गाडी उतारावर ढकलायला लावली.

ती थांबलीच नाही. खालच्या कातळावर तिचा चुराडा झाला. रंगाखाली निघाला तोच झिजलेला ठोकळा, वर चामड्याची पट्टी ठोकलेला.

आणि लोक काय म्हणाले? "गाडी जुनीच होती हो!"

आई कडाडली, "जुनी होती म्हणूनच नीट दुरुस्त करायची होती ना! गाडीने नाही, रंगाने फसवलं! आत्ता तिच्यात पोरं असती!"

तिची माफी मात्र कुणी मागितली नाही. पोरांची जत्रा हुकली. नवी गाडी सुतारालाच घडवावी लागली, आणि पूजेआधी तिच्यात बसून उतार उतरावा लागला तोही त्यालाच.

तात्पर्य: ज्या दुरुस्तीवर आपलं लेकरू बसवायची छाती होत नाही, तिच्यावर दुसऱ्याचं लेकरू बसवू नये.