तीनशे सुखी सुना

वेळणगडच्या दिवाणांनी भरदरबारात आपली पाहणी वाचून दाखवली. “महाराज, तीनशे सुनांना विचारलं. एकीलाही सासरी जाच नाही. छळाला कंटाळलेल्या सुनांसाठी काढलेलं आश्रयघर आता बंद करावं.”

तेव्हा गोजरा कासारीण पुढे आली. घरोघरी बांगड्या भरताना तिने सुनांच्या मनगटांवरचे वळ पाहिले होते.

“दिवाणजी, विचारलंत तेव्हा सुनेजवळ कोण होतं?”

“सासू! घरंदाज सून परक्याशी एकटी कशी बोलेल?”

“मग मलाही एक विचारू द्या. आपले महाराज कसे आहेत?”

दिवाण सिंहासनाकडे पाहून लवले. “साक्षात देवमाणूस! नावालाही दोष नाही.”

“आमच्या सासवाही अगदी अश्शाच आहेत,” गोजरा म्हणाली. “घ्या लिहून.”

कुणीतरी हसलं, पण महाराज हसले नाहीत. वीस वर्षं कानांवर पडलेली स्वतःची स्तुती आठवून त्यांची मान खाली गेली.

“आश्रयघर चालू राहील,” ते हळूच म्हणाले. “आणि सुनांना पुन्हा विचारायला गोजरा जाईल.”

दिवाण सुनांची यादी गुंडाळू लागले. तिच्यातलं पहिलं नाव त्यांच्याच सुनेचं होतं. उत्तर देण्याआधी तिने सासूकडे पाहिलं होतं. ते दिसूनही त्यांनी ‘सुखी’ असं लिहिलं होतं.