बाउंडरी कुठं, बॉर्डर कुठं?

"राजेसाहेब, तुमची बाउंडरी उत्तम आहे, पण बॉर्डर फार ढिली आहे!" एवढं बोलून पाहुणा साहेब घोड्यावर बसला आणि निघून गेला.

मानसिंगराजांनी आधी हळूच सुरवारीची नाडी चाचपली. मग दिवाणांकडे वळून विचारलं, "काय म्हणाला हो तो?"

"हद्द उत्तम आहे, पण हद्द ढिली आहे, सरकार."

"दिवाणजी, शुद्धीवर आहात ना?"

"दोन्ही शब्दांचा अर्थ हद्दच होतो, सरकार."

"जो साहेब पंगतीत दुसरी पुरी घेत नाही, तो एका अर्थाला दोन शब्द घेईल?"

दरबारात विद्वानांना तोटा नव्हता. एकाने सांगितलं, बाउंडरी दिवसा असते आणि बॉर्डर रात्री. बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच मिळत होता.

शेवटी राजांनीच तोडगा काढला. संस्थानाच्या अगदी टोकाला बयाजी माळ्याचा पानमळा होता, आणि त्याला लागून शेजारचं राज्य. म्हणजे बाउंडरी काय आणि बॉर्डर काय, दोन्ही त्याच्याच मळ्यात सापडणार! लगेच हुकूम सुटला, "युवराजांचं वऱ्हाड तुझ्या मळ्यावरून पलीकडे जाईल. त्या दिवशी दोन्ही वेगवेगळ्या दाखव. आमच्या पायांना कळल्या पाहिजेत. नाहीतर मळा जप्त!"

बयाजीने डोक्याला हात लावला. "हौसे, आपल्या मळ्यात पानवेली हायत, मुंगळे हायत. ह्या दोघी मी कुठनं पैदा करू?"

त्याची लेक हौसा वेली बांधत होती. त्या वेली तिच्या आईने लावलेल्या. आई गेली, वेली राहिल्या. राजाला दोन शब्द उमगत नाहीत म्हणून त्या हातच्या जाणार, हे काही तिच्या पचनी पडेना.

"दादा, वऱ्हाड येतंय न्हवं? मग झालं तर," ती म्हणाली, आणि पदर खोचून पलीकडे नवरीकडच्यांना भेटून आली.

लग्नाच्या दिवशी वाजतगाजत वऱ्हाड मळ्याच्या टोकाला आलं. तिथे चुना लावलेल्या धोंड्यांची एक रांग होती. पलीकडे नवरीचे वडील चौरंग मांडून, तांब्या भरून सीमांतपूजनाला उभे होते. पण एकही पाऊल पुढे येईना.

"चला की महाराज!" हौसा म्हणाली. "भिंत न्हाई, कुंपण न्हाई."

राजांनी पाय उचलला आणि तसाच अलीकडे ठेवला. "वेडी आहेस का? आम्ही मुलाचे वडील! व्याह्यांनी पाय धुतल्याशिवाय शीव ओलांडली, तर जन्मभर लोक हसतील."

"मग थांबा."

राजे थांबले. ऊन चढलं. वाजंत्री दमले, युवराजांच्या मुंडावळ्या कोमेजल्या. तेवढ्यात एक बकरी डुलत डुलत धोंड्यांपलीकडे गेली, व्याह्यांच्या मांडवाचा पाला खाऊन परत आली.

"त्या बकरीला कोणी अडवलं नाही!" राजे कडाडले.

"तिला कोण अडवणार? तिनं ओलांडली ती बाउंडरी, महाराज. जमिनीवरची नुसती रेघ. तुमचं राज्य कुठं संपतं, एवढंच ती सांगती. माझ्या वेलींची मुळंसुद्धा तिच्याखालनं पल्याड गेलीत."

"आणि बॉर्डर?"

"तुमी उभं हायसा ती! रेघेच्या अल्याड तुमी ताटकळताय, पल्याड व्याही तांब्या भरून उभं हायत. ही सगळी जागाच बॉर्डर. हितं माणसाला थांबावं लागतं, कोण, कुठला, कशाला आला ते सांगावं लागतं. समोरचा 'या' म्हणंल तवाच पाय उचलायचा, मग तो राजा का असंना!"

राजांनी कपाळाचा घाम पुसला. "कळलं. आमच्या शिवेवर असं कोणी विचारतच नाही, म्हणून साहेब तिला ढिली म्हणाला. पण व्याही अजून का हलत नाहीत?"

"मीच सांगून आले, मी पदर हलवीपर्यंत तांब्या उचलू नका म्हणून."

दिवाणांनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आमच्याच राज्यात, आमच्याच मुलाच्या लग्नात, तू आम्हाला उन्हात उभं केलंस?"

"काय करणार, महाराज? पायांना कळलं पाहिजे, असा हुकूम होता. तुमी कानांना म्हणाला असता, तर सावलीत बसवून सांगितलं असतं!"

मग राजे असे खदाखदा हसले, की फेटा सुटून खांद्यावर आला.

"हलव बाई, हलव तुझा पदर!" ते म्हणाले. "हा मळा तुला इनाम दिला. दिवाणजी, आजचे सगळे विडे हिच्याच पानांचे लावा, आणि पहिला विडा हिच्या हातावर ठेवा!"