काचेवरचं गाव

"ही गाडी तुला दिली, तर आधी काय बदलशील?" म्हाताऱ्यानं विचारलं.

उकिडवे याच प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी कोटाच्या खिशातून यादी काढली. एकेचाळीस चुका, क्रमांक घालून.

"वाचू?"

"वाच की."

म्हातारा म्हणजे वॉल्टर आस्क्यू, वय वर्षं सत्त्याऐंशी. इंग्लंडातल्या एका आडगावात त्यानं जन्मभर लोकांचे बूट दुरुस्त केले, आणि घरामागच्या लाकडी खोलीत अमेरिकेतलं एक गाव उभं केलं. नेब्रास्कामधलं हेझल क्रॉसिंग. बोटभर उंचीचं स्टेशन, पाण्याची टाकी, धान्याचं कोठार, आणि येतेच आहे, येतेच आहे अशी लांबलचक मालगाडी. अमेरिकेला तो एकदाही गेला नव्हता.

आता तो लेकीकडे राहायला निघाला होता. तिथं या पसाऱ्याला जागा नव्हती. कोणाला तरी द्यायचा, नाहीतर मोडायचा.

शिरीष उकिडवे मूळचे वर्ध्याकडचे, आता बर्मिंगहॅममध्ये इंजिनियर. छोट्या रेल्वे बनवणाऱ्यांच्या क्लबात त्यांच्याइतका काटेकोर माणूस नाही, असं सगळे म्हणत. ते स्वतः जरा जास्तच म्हणत. तीन वर्षं दर शनिवारी ते म्हाताऱ्याकडे शिकायला येत होते. रूळ कसा वाकवायचा, गंज कसा रंगवायचा, सगळं शिकले. एकदा तरी "छान" ऐकायला मिळेल, म्हणून थांबले होते. ते काही मिळालं नाही. म्हणून आता ही छोटी रेल्वेच हवी होती.

"टाकीचा रंग चुकलाय," उकिडवे वाचू लागले. "सिग्नलचे खांब पाच वर्षं नंतरच्या काळातले आहेत. गार्डच्या डब्याला…"

"सगळ्यात मोठी कुठली?"

उकिडव्यांनी यादी खाली ठेवली. मग अमेरिकेहून मागवलेला जुना नकाशा उलगडून टेबलावर पसरला.

"रागावू नका. पण तुमचं सगळं गावच उलटं आहे. स्टेशन रुळाच्या उजवीकडे हवं, ते तुम्ही डावीकडे बांधलंय. कोठार डावीकडे हवं, ते उजवीकडे. ओढासुद्धा भलत्याच बाजूला."

"हो."

"हो म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"बासष्ट साली कळलं. मीही हाच नकाशा मागवला होता."

"आणि साठ वर्षं तसंच ठेवलंत?"

म्हाताऱ्यानं गाडीवरची धूळ रंगाच्या ब्रशनं हळूच झटकली…

"तुझ्या गावाला गाडी होती का रे?" त्यानं मधेच विचारलं.

"होती. छोट्या रुळावरची. बंद पडली."

"ती का नाही केलीस?"

"तिचे नकाशे मिळत नाहीत. नकाशाशिवाय मी हात लावत नाही."

"हं," म्हातारा म्हणाला. "जरा बाहेर जाऊन उभा राहा."

"बाहेर? थंडी आहे."

"म्हणूनच."

उकिडवे मुकाट्यानं बागेत गेले आणि खिडकीसमोर उभे राहिले. काचेपलीकडे म्हाताऱ्याचा चेहरा आला. त्यानं काचेवर तोंडानं वाफ सोडली. काच धुरकटली. मग बोटानं त्यानं एक उभी रेघ ओढली. एका बाजूला चौकोन, दुसऱ्या बाजूला उंच खोका, एक नागमोडी ओढा. ओढ्याशी एक फुली.

उकिडवे बघत राहिले. स्टेशन डावीकडे. कोठार उजवीकडे. आतल्या टेबलावर होतं, तस्संच.

ते आत आले. काचेकडे आतून पाहिलं. इथून सगळं नकाशासारखं होतं.

"चव्वेचाळीस साल," म्हातारा म्हणाला. "मी सात वर्षांचा. अमेरिकन सैनिकांची छावणी होती गावाबाहेर. त्यातला एक, डेल, माझ्या वडिलांकडे बूट घेऊन यायचा. बुटांना काही झालेलं नसायचं. नुसता बसायचा. आमच्या गाडीला दोन डबे. तो सांगायचा, आमच्याकडे मालगाडी आली की मी शंभर डबे मोजतो, मग आई जेवायला हाक मारते, मी जेवून येतो, तरी ती चाललेलीच असते."

"थापा."

"मला काय माहीत? मी खरं मानलं… माझं गाव तुला काढून दाखवतो म्हणाला होता. रोज राहून जायचं. मग एका सकाळी छावणीच उठली. मी स्टेशनवर धावलो. डबा माणसांनी भरलेला, खिडकी बंद, काच वाफेनं पांढरी. त्यानं मला पाहिलं. बोटानं भराभरा गाव काढलं. आपल्या घराच्या जागी फुली मारली."

"आणि तुम्ही ते बाहेरून पाहिलंत."

"फुली दोन्हीकडून सारखीच दिसते. मला कसं कळणार? गाडी हलली. मी घरी पळत आलो आणि विसरायच्या आत बुटांच्या खोक्याच्या झाकणावर ते काढून ठेवलं."

"पुढे?"

"पुढे काही नाही. पत्र नाही, काही नाही."

किटलीतलं पाणी उकळत होतं. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

मला उकिडव्यांचा राग येतो तो इथे. कारण ते म्हणाले, "मग तर सुलट करायलाच हवं. त्यानं बरोबर काढलं होतं. चूक तुमच्याकडून झाली. त्याच्या गावावर हा अन्याय आहे."

म्हातारा रागावला नाही. खणातून त्यानं एक बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "स्टेशनला चार स्क्रू आहेत. काढ."

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांना बरोबर म्हणाला होता.

उकिडवे वाकले. पहिला स्क्रू सैल केला. दुसऱ्याला हात घातला, आणि त्यांचं लक्ष फलाटाकडे गेलं. फलाटावर एक इवलासा मुलगा उभा होता. चड्डी, गुडघ्यापर्यंत मोजे, मान वर केलेली. तीन वर्षांत त्यांना तो दिसला नव्हता. यादीतही नव्हता.

त्यांना वर्ध्याकडचा तो बुटका फलाट आठवला. पुण्याला शिकायला निघालेले ते स्वतः, डब्याच्या दाराशी. खाली वडील, हातात द्यायचा राहून गेलेला जेवणाचा डबा. टाकी कुठल्या बाजूला होती? कडुनिंब? वडील मात्र होते तिथेच होते.

त्यांचे डोळे भरून आले. लपवायलाही जमलं नाही.

मग त्यांनी सैल केलेला स्क्रू पुन्हा घट्ट आवळला. यादीची घडी करून खिशात ठेवली.

म्हाताऱ्यानं खोलीची किल्ली टेबलावरून त्यांच्याकडे सरकवली.

उकिडव्यांनी ती उचलली नाही. हलक्या आवाजात विचारलं, "पण इतक्या वर्षांत एकदाही, डेलला दिसत होतं तसं सुलट बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

काचेवरची वाफ विरत चालली होती. म्हातारा तिच्याकडे बघत म्हणाला,

"सुलट दिसायला त्या गाडीत बसावं लागतं, शिरीष. मी फलाटावर होतो."