जर्मन मोटार आणि पाना
मोटारी आणि हत्यारं एकमेकांशी गप्पा मारायची, तेव्हाची गोष्ट. मिरजेच्या इंगवले वकिलांकडे एक जुनी जर्मन मोटार होती. कधी तिचं तेल गळायचं, कधी ब्रेक रुसायचे. वकिलांची निम्मी कमाई तिच्या औषधपाण्यातच जायची.

"तुझ्यापायी मला जरा उसंत नाही," हत्यारांच्या पेटीतला पाना कुरकुरायचा.

"अरे, माझी किंमत दरवर्षी चढतेय!" मोटार तोऱ्यात म्हणायची.

एकदा पांढरेशुभ्र बूट घातलेलं एक गिऱ्हाईक आलं. "सांगाल ती किंमत देतो. हिला काचेच्या दालनात ठेवीन. चालवणार मात्र नाही. चालवली की भाव उतरतो."

दुरुस्तीच्या बिलांकडे बघत वकील विचारात पडले.

काचेत नुसतं उभं राहणं मोटारीला नको होतं. "आता काय करू रे?" तिने पान्याला विचारलं.

"नेहमी करतेस तेच," पाना म्हणाला.

गिऱ्हाईक जवळ येताच मोटारीने त्याच्या बुटांवर काळंकुट्ट तेल सांडलं. वकिलांना हसू आवरेना. गिऱ्हाईक तणतणत निघून गेलं.

"झाली हिची नाटकं सुरू!" म्हणत वकिलांनी बाह्या सरसावल्या आणि पेटीकडे हात नेला.

पाना केव्हाच सगळ्यांच्या वर येऊन बसला होता.