पाण्यावर टाकलेली शाल

नदीकाठच्या औष्णिक वीजकेंद्रात एकदा एक विद्वान शिष्य नियंत्रणविद्या शिकायला आला. या विषयावर त्याने प्रबंध लिहिला होता, विद्यापीठाने त्याला डॉक्टरेट दिली होती. चालता बॉयलर मात्र त्याने जवळून कधी पाहिला नव्हता. कंट्रोल रूममधली माणसे त्याला 'डॉक्टर' म्हणू लागली. कुणी आदराने म्हणे, कुणी गमतीने, आणि त्यातला कोण कशा अर्थाने म्हणतो याचाच तो मनात विचार करत बसे.

तिथे शिकवणारे गृहस्थ वृद्ध होते. सगळे त्यांना नानाजी म्हणत. एसीच्या गारठ्यामुळे त्यांच्या खांद्यावर बारा महिने करडी शाल असे. त्यांचा निकाल कागदावर कधी उमटत नसे. शिकाऊ माणसाला डेस्कवर बसवून ते शेजारी बसत, आणि ज्या दिवशी त्याला तसाच सोडून चहाला निघून जात, त्या दिवशी तो उत्तीर्ण झाला असे केंद्रातला प्रत्येक जण समजे. डॉक्टरच्या शेजारी बसले की नानाजी चहा जागेवरच मागवत.

"डॉक्टर, तुमच्यामुळे नानाजींचे पाय आखडले जी," शेजारच्या डेस्कवरचे डोंगरवार म्हणत. सगळे हसत. डॉक्टरही हसे, आणि मग पुढचा तासभर पडद्यावरचा प्रत्येक आकडा दोनदा वाचे. हे जमले नाही तर मुख्यालयात फायली चाळायला परत जावे लागणार होते. आयुष्यभर ज्या विद्येचा अभ्यास केला, ती आपल्याला येतच नाही हे त्या फायली रोज सांगत राहिल्या असत्या.

नानाजींनी पहिल्याच दिवशी त्याला विचारले होते, "या केंद्राचं नियंत्रण राहतं कुठे?"

"इथेच. कंट्रोल रूममध्ये."

"बघा बरं शोधून."

तो शोधू लागला. मागच्या खोलीत कपाटांच्या रांगा होत्या. एका कपाटातले यंत्र बॉयलरच्या पाण्याचे बघे, दुसऱ्यातले पंख्यांचे, तिसऱ्यातले कोळशाच्या गिरण्यांचे. प्रत्येकाला एक जोडीदार होता. पहिला थकला तर तत्क्षणी काम उचलायला तो जागाच असे. पण या सर्वांवर हुकूम चालवणारे मुख्य यंत्र काही सापडेना. पुस्तकात 'विभागलेले नियंत्रण' असा शब्द होता. विभागलेले आहे, तर कुणीतरी विभागणारा असलाच पाहिजे, असे त्याच्या शिकल्या बुद्धीला वाटे.

"डोंगरवार, यांचा राजा कोण?"

"राजा नाही जी इथं. सारे कारभारीच."

"मग भांडत नाहीत?"

"आपापलं काम करते तो काहून भांडल?"

डॉक्टर अधिकच गोंधळला. राजा नसलेले राज्य त्याच्या प्रबंधात होते, पण ते समीकरणांच्या रूपात. समीकरणाला भीती वाटत नाही.

कंट्रोल रूममध्ये एक शब्द नेहमी ऐकू येई: 'हातात घेणे'. यंत्र स्वतःच्या हिशेबाने एखादी झडप चालवत असताना माणसाने ती स्वतः चालवायला घेतली, की म्हणायचे, हातात घेतली. डॉक्टरला हा शब्द फार आवडला. काही हलले, काही वाजले, की तो हातात घेई. त्याने त्याला बरे वाटे.

एका दुपारी वरून निरोप आला, लोड वाढवा, म्हणजे वीज जास्त द्या. बॉयलरच्या माथ्यावर एक अवजड आडवा पिंप असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्यातले पाणी फार उतरले तर नळ्या जळतात, फार चढले तर वाफेबरोबर टर्बाइनच्या पात्यांवर जाते. लोड वाढला आणि पडद्यावर ड्रमची पातळी चढू लागली. डॉक्टरने घाईने पाणी हातात घेतले आणि कमी केले. क्षणभर सारे ठीक दिसले. मग पातळी जी घसरली ती घसरतच गेली. भोंगा वाजला. डोंगरवारांनी झेप घेऊन पाणी आत सोडले, म्हणून केंद्र बंद पडता पडता राहिले.

"पेशंट वाचला, डॉक्टर," डोंगरवार घाम पुसत म्हणाले.

पाणी वाढत होते म्हणून कमी केले, तर ते संपत कसे आले? त्याने पुन्हा पुन्हा विचार केला. आपण वाचलेले सगळे चुकीचे, की वाचणाराच चुकीचा? नानाजींनी आपला चहा जागेवर मागवला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लोड वाढवायची वेळ आली. नानाजींनी डोंगरवारांकडे पाहून मान हलवली. मग खांद्यावरची शाल काढली आणि डॉक्टरपुढच्या पडद्यावर टाकली.

"नानाजी! पाणी दिसत नाही!"

"पाण्याला तुम्ही दिसता का?"

"पण काही झालं तर?"

"हात मांडीखाली घ्या."

त्याला काही सुचेना. ही परीक्षा असेल, तर कशाची? आज्ञा पाळण्याची, की कर्तव्य म्हणून शाल ओढून काढण्याची? दोन्ही उत्तरे त्याला बरोबर वाटत होती आणि दोन्ही भयंकर. त्याने शालीचे टोक हळूच उचलले. नानाजींनी ते दोन बोटांनी खाली केले. टर्बाइनचा घोष वाढला. त्याच्या मांडीखालचे हात बधिर झाले. डोंगरवारांच्या चेहऱ्यावर काही वाचता येते का म्हणून त्याने तिकडे पाहिले, तर ते आपल्या पडद्यावरच्या पाण्यावरून नजर न हलवता सुपारी चघळत होते.

लोड स्थिरावल्यावर नानाजींनी शाल उचलली. पाण्याची रेषा चढून, उतरून, पुन्हा मधोमध येऊन थांबली होती.

"काल चढलं ते पाणी नव्हतं, डॉक्टर," ते म्हणाले. "वाफ जास्त ओढली की ड्रमातला दाब उतरतो, बुडबुडे फुगतात आणि पाणी वाढल्यासारखं दिसतं. आतून ते कमीच होत असतं. तुम्ही फुगवटा पाहिला. कपाटातला कारभारी पातळीबरोबर बाहेर जाणारी वाफ आणि आत येणारं पाणीही पाहतो. पडदा ही नुसती खिडकी. खिडकीत बसलेल्याला वाटतं, रस्ता आपणच चालवतो."

"मग माझी गरज काय?"

"झडप अडकेल. पातळी मोजणारं उपकरण खोटं बोलेल. तेव्हा कारभाऱ्याला कळणार नाही, माणसाला कळेल. पण सगळंच हातात घेऊन बसलेल्याचा हात तेव्हा मोकळा असेल का?"

"केव्हा घ्यायचं आणि केव्हा नाही, हे कसं ओळखावं?"

नानाजींनी शालीची घडी घालायला घेतली, ती नीट होईना, तशीच मांडीवर ठेवली. "मला प्रत्येक वेळी ओळखता आलंच, असं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर आधी हात मांडीखाली ठेवून पातळी, वाफ, पाणी, तिन्हीकडे बघतो."

डॉक्टरचे समाधान झाले नाही. पण प्रश्न आता त्याला ओळखीचा वाटू लागला.

काही वेळाने आणखी लोड मागितला गेला. पडद्यावरची रेषा फुगू लागली. डॉक्टरचा उजवा हात आपोआप उठला. त्याने तो खाली घेतला. वाफ पाहिली, येणारे पाणी पाहिले. दोन्ही एकमेकांच्या मागोमाग वाढत होते. रेषा आणखी चढली. छाती धडधडत होती, ती त्याने धडधडू दिली. रेषा थबकली, किंचित घसरली, आणि शहाण्या गुरासारखी आपल्या जागी परतली.

"नानाजी, पाहिलंत?"

उत्तर आले नाही. शेजारच्या खुर्चीवर शाल होती, तशीच अर्धवट घडीची. माणूस नव्हता.

"ते तर कधीचे चहाला गेले जी," डोंगरवार म्हणाले.

डॉक्टरने दाराकडे पाहिले, आणि लगेच पुन्हा पाण्याकडे.

ज्याला एवढे मोठे काही सांभाळायचे आहे, त्याने आपले हात कुठे ठेवावेत हे आधी शिकलेले बरे.