भांडलेल्या शेजारणीची हमी

फार फार वर्षांमागं, म्हणजे मी खोटं सांगितलं तरी पकडायला कुणी उरलेलं नाही इतक्या मागं, एका राज्यात भिवरा नावाची बुरडीण राहत होती. सुपं, टोपल्या, धान्याच्या कणग्या विणून ती पोट भरायची. नवरा वारला होता. घरात एक लहान मुलगी.

विणणारे हात तिचे, पण बांबू तिचा नव्हता. तो एक व्यापारी उधार द्यायचा आणि विणलेला सगळा माल आपण ठरवू त्या भावानं उचलून न्यायचा. त्या वर्षी तो म्हणाला, "उधारी फार तुंबली. सुगी संपली की पोरीला माझ्या घरी राबायला धाड."

भिवरा राजाच्या खजिन्यात गेली. गाडीभर बांबूपुरते पैसे मागितले. खजिनदार शहाणा होता, म्हणून त्यानं शहाणी माणसं विचारतात तेच विचारलं. जमीन किती? घर कुणाच्या नावावर? भिवराच्या नावावर काहीच नव्हतं. गावात तर तिला नावानंही कुणी हाक मारत नसे, अमक्याची बायको म्हणत.

ती ओळखीच्या बायका हमी देतील म्हणाली, तेव्हा खजिनदाराला थट्टा सुचली. "मैत्रिणी काय, कुणासाठीही हो म्हणतात. जिच्याशी तुमचं अजिबात पटत नाही, अशी एक घेऊन या."

तशी बाई शोधायला लांब जावं लागलं नाही. समोरच्याच दारात सारजा होती, शेळ्या राखणारी. दोघींचं एका कोंबडीवरून भांडण झालं होतं. कोंबडी केव्हाच कुणाच्या तरी रश्श्यात गेली, भांडण मात्र धडधाकट होतं. भिवरानं तिच्या उंबऱ्याशी उभं राहून पोरीचं सांगितलं. सारजानं ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी मात्र ती खजिन्यात आली, दुभती शेळी ओढत.

भिवरा बाई कशी आहे, असं विचारल्यावर सारजा जी सुरू झाली ती थांबेचना. जीभ कडू, नाकावर राग, वाटेत भेटली तर वाट सोडत नाही. कारकून खुसुखुसू हसू लागले. मग झालं तर काम, असं म्हणत खजिनदार उठला.

"झालं न्हाई, सरकार," सारजा म्हणाली. "आमचं भांडण जुंपलं त्या दिवशी माझं मापभर पीठ हिच्याकडं उसनं होतं. शिव्या देता देता ही आत गेली, माप शिगोशीग भरून माझ्या उंबऱ्यावर ठेवलं आणि मग पुढची शिवी दिली. ही बुडवायची न्हाई. बुडवलं तर ही शेळी घ्या. माझी पोरं हिच्याच दुधावर आहेत."

कारकुनांचं हसू विरलं. खजिनदार खाली बसला आणि त्यानं पैसे मोजले.

बांबू आला. सुगीत भिवरानं स्वतः बाजारात माल मांडला. आधी व्यापाऱ्याची उधारी फेडली, मग खजिन्याचं कर्ज. पोर घरीच राहिली. शेळीही.

आता दोघी गळ्यात गळा घालतील असं वाटलं ना तुम्हाला? छे. कोंबडीचा निकाल अजून लागायचा होता. पण पुढल्या साली सारजाला आणखी शेळ्या घ्यायच्या होत्या, तेव्हा हमी द्यायला भिवरा गेली, वाटभर तणतणत. आणि त्या खजिन्यात बायकांना जमीन विचारणं बंद झालं. शेजारीण विचारू लागले.

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याची सचोटी हेच पुरेसं तारण असतं.