तसबिरीतली जखम

पेशवाईतली गोष्ट. सरदार सुभानराव लढाईहून सुखरूप परतले, कारण सगळी लढाई त्यांनी तंबूतच काढली होती. तरी मानाची वस्त्रं मिळावीत म्हणून पुण्याच्या दरबारी स्वतःची तसबीर धाडायचं त्यांनी ठरवलं. तिमाप्पा चितारी सात दिवस त्यांना समोर बसवून रंगवत होता. आठव्या दिवशी सरदारांनी दारावरच्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवलं. त्या रायाजीच्या कपाळावर लढाईतला तलवारीचा वार होता.

"तसला वार माझ्या कपाळावर काढ."

"सरकार, समोर दिसतं तेवढंच मी काढतो," तिमाप्पा म्हणाला.

"काढ, नाहीतर उद्या ही बोटं राहणार नाहीत!"

तिमाप्पाने निमूट तांबडा रंग खलला, कुंचला भिजवला आणि अदबीने म्हणाला, "काढतो सरकार. जखम ओली असली की रंग बिनचूक जुळतो. आपण फक्त कमरेची तलवार रायाजीच्या हाती द्यावी. लढाईभर म्यानातच होती, तेव्हा धार शाबूत असेलच."

रायाजी हात पुढे करून उभा राहिला. सरदारांनी दोन्ही हातांनी म्यान घट्ट धरलं.

तसबीर पुण्याला गेली तेव्हा तिच्या कपाळावर गंधाखेरीज काही नव्हतं.